पोळी कोणाची, टाळी कोणाची?

उत्तर प्रदेश सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये आपले ‘डिजिटल मीडिया धोरण’ जाहीर केले. सरकारच्या योजनांचा आणि ‘कामगिरी’चा प्रचार जे आपापल्या वाहिन्यांवरून करतील, त्यांना अनुयायांच्या संख्येप्रमाणे दरमहा जाहिरातीचे पैसे द्यावयाचे, अशी ही योजना आहे. यूट्यूबवरील चित्रफिती आणि पॉडकास्ट यांच्यासाठी ही रक्कम सर्वांत वरच्या श्रेणीत महिना आठ लाख रुपयांपर्यंत जाते. राष्ट्रविरोधी ठरवल्या जाणाऱ्या मजकुराबद्दल कारवाईचा इशाराही त्याच धोरणात आहे. एका हातात थैली आणि दुसऱ्या हातात छडी घेऊन सरकार या नव्या माध्यमाच्या दारात उभे राहिले, याचे आम्हांस आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटते ते याचे की, या माध्यमात स्वतंत्रपणे बोलणारे जे थोडे लोक आहेत त्यांचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाचा आपल्या चळवळीने अद्याप गंभीरपणे विचारच केलेला नाही.

ज्या ज्येष्ठ साथींना पॉडकास्ट हा शब्द परका वाटत असेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करावयास हवा. ध्वनिमुद्रित केलेला कार्यक्रम संगणकाच्या जाळ्यावर ठेवावयाचा आणि ऐकणाऱ्याने तो आपल्या सवडीने फोनवर उतरवून ऐकावयाचा, एवढाच त्याचा अर्थ. २००४-०५ च्या सुमारास हा प्रकार रूढ झाला. त्यासाठी प्रक्षेपणकेंद्र लागत नाही, मनोरा लागत नाही आणि सरकारी परवानाही लागत नाही. आपल्या देशात या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व फार मोठे आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. परंतु खाजगी एफ.एम. केंद्रांना आजही स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते, इतकेच. ऊसतोडणी कामगारांच्या प्रश्नावर किंवा एखाद्या धरणाखाली बुडालेल्या गावावर मराठीत तासभर मोकळेपणी बोलावयाचे आणि ते हजारोंच्या कानी घालावयाचे असेल, तर आज बहुधा हाच मार्ग उरतो. कामगार वस्तीत, एस.टी.त, शेतात काम करता करता माणूस ऐकू शकतो. त्या वेळी वाचू शकत नाही.

परवाना नको, हे खरे. पण पैसा हवाच. ध्वनिमुद्रणाची साधने एकदा घेता येतात. परंतु माहिती गोळा करणे, प्रवास, संपादन आणि बोलणाऱ्याचे स्वतःचे पोट हा महिन्यामागून महिना येणारा खर्च आहे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही.

जाहिरातीची पोळी सर्वांत सहज मिळते. दर हजार श्रवणांमागे अमुक रुपये असा तिचा दर ठरतो. अर्थात जो कार्यक्रम अधिक हजार कान जमवील तो टिकेल आणि ज्याचा श्रोता वीटभट्टीवर काम करतो तो टिकणार नाही. कारण जाहिरातदाराला कान नको असतात, कानामागचा खिसा हवा असतो. वृत्तपत्रात निदान जाहिरातीला चौकट असे आणि बातमी कोठे संपली व विक्री कोठे सुरू झाली हे डोळ्यांना दिसे. पॉडकास्टमध्ये निवेदकाने स्वतःच्या आवाजात वाचलेली जाहिरात सर्वांत प्रभावी मानली जाते आणि म्हणून तिला दरही जास्त मिळतो. ज्या आवाजावर श्रोत्याचा विश्वास बसला तोच आवाज अर्ध्या मिनिटानंतर गादी विकतो. येथे जागा विकली जात नाही, विश्वास विकला जातो. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात किती नामवंतांनी केली, हे २०२५ च्या कायद्याने त्या खेळांवर बंदी येईपर्यंत आपण पाहतच होतो.

जाहिरात हे केवळ उत्पन्नाचे साधन नसून सत्तेचे साधन आहे, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने स्वीकारली नाही. पुढे ‘बहिष्कृत भारता’त बाबासाहेबांनीच ही हकीकत नमूद केली आहे. ‘मूकनायक’ला छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले, तरी १९२३ मध्ये ते पत्र बंद पडले. १९२७ मध्ये सुरू झालेले ‘बहिष्कृत भारत’ही १९२९ पर्यंतच चालले. वर्गणीदार पुरेसे नव्हते, मदतनीस नव्हते आणि अंकामागून अंक संपादकाला एकहाती भरावा लागत होता. पत्र चालवणे हे समाजावरचे ऋण आहे की नाही, असा प्रश्न बाबासाहेबांना आपल्याच वाचकांपुढे ठेवावा लागला. थोरांच्या देणगीने पत्र निघते. ते चालते मात्र लहानांच्या वर्गणीने, आणि ती वर्गणी आपोआप येत नाही.

ध्वनिमाध्यमात हा प्रयोग सर्वांत दीर्घकाळ झाला तो अमेरिकेत. त्याचा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांना फारसा ठाऊक नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगणे इष्ट वाटते. दुसऱ्या महायुद्धात सदसद्विवेकबुद्धीस स्मरून लष्करी सेवेस नकार देणाऱ्या लुइस हिल नावाच्या तरुणाने १९४६ मध्ये काही मित्रांसह ‘पॅसिफिका’ ही संस्था स्थापन केली आणि १५ एप्रिल १९४९ रोजी बर्कले येथे तिचे के.पी.एफ.ए. हे केंद्र सुरू झाले. जाहिरात घ्यावयाची नाही, सरकारचा पैसा घ्यावयाचा नाही, श्रोत्यांच्या वर्गणीवर केंद्र चालवावयाचे, हा संकल्प होता. हिलचा हिशेब साधा होता. केंद्र ऐकू शकणाऱ्यांपैकी शंभरात दोघांनी वर्षाला दहा डॉलर दिले, तरी काम भागेल. उरलेले अठ्ठ्याण्णव फुकट ऐकतील आणि त्यांनी खुशाल ऐकावे. न देताही ऐकता येते, म्हणूनच देणाऱ्याचे देणे हे खरेदी न राहता स्वेच्छेचे कृत्य होते, असा त्याचा युक्तिवाद होता. आमच्या मते या सबंध प्रश्नाचे मर्म येथे आहे. दोघांनी द्यावे ते स्वतःपुरते ऐकण्यासाठी नव्हे, शंभरांना ऐकता यावे यासाठी.

हिशेब कागदावर बसला तरी व्यवहारात लगेच बसला नाही. त्या काळी एफ.एम. रेडिओ फार थोड्या घरांत होते. १९५० च्या ऑगस्टमध्ये पैसे संपले आणि केंद्र बंद पडले. तेव्हा श्रोत्यांनी सभा घेतल्या, पैसे गोळा केले आणि सुमारे नऊ महिन्यांनी ते पुन्हा सुरू केले. अर्थात त्या पुनरारंभास फोर्ड प्रतिष्ठानने उभ्या केलेल्या एका निधीचे मोठे अनुदानही कारणी लागले, हे लपवण्याचे कारण नाही. पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, ह्यूस्टन, वॉशिंग्टन अशी केंद्रे वाढत गेली. १९६२ मध्ये न्यूयॉर्क केंद्राने एफ.बी.आय.च्या एका माजी अधिकाऱ्याची त्या खात्याविषयीची मुलाखत प्रसृत केली. पाठोपाठ सिनेटच्या उपसमितीची चौकशी लागली आणि परवान्यांचे नूतनीकरण १९६४ पर्यंत अडकून पडले. ह्यूस्टनचे केंद्र १९७० मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी त्याचा प्रक्षेपक बाँबस्फोटाने दोनदा उद्ध्वस्त करण्यात आला. जाहिरातदारांवर चालणारे केंद्र अशा प्रसंगी आठवड्याभरात शरण आले असते. जाहिरातदार एक फोन आला की निघून जातो. दहा डॉलर देणारे हजारो लोक एका फोनने जात नाहीत.

परंतु या इतिहासाचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा आहे आणि श्रोत्यांच्या वर्गणीचा गौरव करणारे तो सहसा सांगत नाहीत. श्रोते पैसे देत होते. सत्ता मात्र स्वतःच स्वतःची निवड करणाऱ्या एका केंद्रीय मंडळाकडे गेली होती. १९९९ मध्ये या मंडळाने बर्कले केंद्राच्या व्यवस्थापिकेस दूर केले आणि जुलैमध्ये कर्मचाऱ्यांना बाहेर काढून दाराला कुलूप लावले. केंद्र विकावयाचे घाटते आहे अशी बातमी फुटली होती. हजारो श्रोते रस्त्यावर उतरले. मोर्चे, अटका आणि त्यानंतर न्यायालयीन दावे असे सुमारे अडीच वर्षे चालले. शेवटी तडजोड झाली आणि नव्या घटनेप्रमाणे प्रत्येक केंद्राचे मंडळ श्रोते व कर्मचारी यांनी मतदानाने निवडावयाचे ठरले. या घटनेतील एक तरतूद आम्हांस विशेष वाटते. वर्षाकाठी पंचवीस डॉलर देणारा श्रोता मतदार होतो, आणि तीन तास विनावेतन काम करणाराही मतदार होतो. म्हणजे खिसा रिकामा असणाऱ्यालाही मालकीत वाटा आहे.

यानंतर सर्व सुरळीत झाले काय? नाही. निवडणुका खर्चिक ठरल्या, गट पडले, कर्ज वाढले. वर्गणीमोहिमा लांबत गेल्या आणि काही केंद्रांवर तर चमत्कारी आरोग्योपचारांच्या ध्वनिचित्रफिती ‘भेट’ म्हणून देऊन वर्गणी मागण्याची पाळी आली. जाहिरातीला दार बंद केले आणि ती खिडकीतून आत आली! ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्रीय संस्थेने न्यूयॉर्कचे केंद्र आर्थिक कारण देऊन एकाएकी ताब्यात घेतले. न्यायालयाच्या आदेशाने ते महिन्याभरानंतर पूर्ववत् झाले. लोकशाही ही कटकटीची गोष्ट आहे, हे पक्षकार्यकर्त्यांना कोणी सांगावे? तरीही १९४९ मध्ये लागलेला तो आवाज पाऊणशे वर्षांनंतर ऐकू येतो आहे आणि याच केंद्रांतून १९९६ मध्ये जन्मलेला ‘डेमोक्रसी नाऊ’ हा कार्यक्रम जाहिरात न घेता आजही रोज प्रसृत होतो व पॉडकास्ट म्हणून जगभर ऐकला जातो.

पॉडकास्टच्या बाजारात गेल्या काही वर्षांत जे घडले ते याच प्रश्नाचे पुढचे प्रकरण आहे. स्पॉटिफायने २०१९ मध्ये गिमलेट ही कंपनी सुमारे २३ कोटी डॉलरना घेतली. त्याच वर्षी तेथील कर्मचाऱ्यांनी युनियन केली होती. २०२३ मध्ये स्पॉटिफायने आपल्या पॉडकास्ट विभागातून दोनशे माणसे कमी केली आणि गिमलेटचे वेगळे अस्तित्व संपवले. भांडवलाचा स्वभावच असा, त्यात नवल नाही. अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट दुसरी आहे. ‘नाइन्टीनाइन पर्सेंट इन्व्हिजिबल’ या पॉडकास्टने २०१२ मध्ये श्रोत्यांकडून १ लाख ७० हजार डॉलरहून अधिक निधी जमवला. लहान लहान देणग्यांचा तो त्या काळचा मोठा विक्रम होता. २०२१ मध्ये ती निर्मितीसंस्था सिरियस एक्स.एम. या बड्या कंपनीच्या मालकीची झाली. निर्मात्याने जाताना आपल्या जुन्या सहकारी जाळ्यास दहा लाख डॉलर दिले, ही त्याची सचोटी. पण ज्यांच्या पैशाने रोप वाढले त्यांना झाड विकताना विचारण्याची सोय कोणत्याही कागदावर नव्हती. वर्गणी होती, मालकी नव्हती.

याच्या उलट ‘मॅक्सिमम फन’ या श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेच्या मालकाने २०२३ मध्ये ती बड्या कंपनीला न विकता कर्मचाऱ्यांच्या हाती दिली, आणि ती कामगारांच्या मालकीची सहकारी संस्था झाली. तेथील कार्यक्रम बहुतांशी करमणुकीचे असतात. समाजवादाचा प्रचार वगैरे काही नसतो. तथापि मालकीचा प्रश्न त्या विनोदवीरांनी आपल्यापैकी अनेकांपेक्षा अधिक नीट सोडवला, हे मान्य केले पाहिजे.

वर्गणी गोळा करण्याचे साधनही आज परक्याच्या हाती आहे. पॅट्रियनसारख्या कंपन्या प्रत्येक वर्गणीतून आपला वाटा कापून घेतात. त्यातही २०२४ मध्ये ॲपलने आपल्या फोनवरील ॲपमधून भरल्या जाणाऱ्या वर्गणीवर तीस टक्क्यांपर्यंत हिस्सा मागितला. श्रोता आणि वक्ता यांच्यामध्ये बसलेल्या या नव्या अडत्याला बाजार समितीचेही बंधन नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांवर नवी बंधने आली आणि अनेकांचे चालू हप्ते एकाएकी थांबले. नियम ग्राहकाच्या रक्षणासाठी होता, हे खरे. पण लहान माध्यमांना त्याची झळ बसली. यू.पी.आय.वरून दरमहा हप्ता देण्याची सोय आता आहे, परदेशी अडत्यापेक्षा तीच बरी.

आपल्या देशात ‘न्यूजलॉन्ड्री’ने २०१२ पासून वर्गणीदारांच्या बळावर काम उभे केले, त्यांची पॉडकास्टवरील साप्ताहिक चर्चा ज्यांना इंग्रजी कळते त्यांच्यापैकी पुष्कळ जण ऐकतात. शोधपत्रकारिता करणाऱ्या ‘रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’ची ना-नफा संस्था म्हणून असलेली मान्यता प्राप्तिकर खात्याने काढून घेतल्याचे जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. धर्मादाय देणग्यांची दोरी सरकारच्या हाती असते, लहान वर्गणीची नसते. हा फरक ध्यानात ठेवावा. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या उत्साहालाही येथे सावधगिरीची जोड हवी. परकीय देणगीविषयक २०१० च्या कायद्याप्रमाणे ध्वनिरूपाने बातम्या वा चालू घडामोडींचे कार्यक्रम देणाऱ्या संस्थेला परकीय पैसा घेता येत नाही. भारतीय नागरिक परदेशी असला तरी आपल्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत देऊ शकतो. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याची पाच डॉलरची आपुलकीही संस्थेला अडचणीत आणू शकते.

आता आपल्या घरचे. समजा, एका मराठी पॉडकास्टला महिना चाळीस हजार रुपये लागतात. एका जाहिरातदाराने ते दिले तर तो रुसला त्या दिवशी काम थांबते. चारशे श्रोत्यांनी शंभर शंभर रुपये दिले तर दहा जण रुसल्याने एक हजार कमी होतात, काम थांबत नाही. चारशे माणसे आपल्या कार्यकर्त्यांत नाहीत काय? आहेत. पण आपण ऐकतो, दुसऱ्याला पाठवतो, सभेत त्यातील मुद्दे स्वतःचे म्हणून मांडतो आणि पैसे देण्याचा विषय निघाला की तो भला माणूस आपल्या निष्ठेने हे करतच राहील, असे गृहीत धरतो. कामाचा मोबदला मिळालाच पाहिजे, ही घोषणा गिरणीच्या फाटकावर देणाऱ्यांनी आवाजाच्या कामगाराला फुकट राबवावे, हे आपल्याला शोभत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. वर्गणीदारही मालकासारखा वागू शकतो. ‘आम्ही पैसे देतो, मग आमच्या आवडीचेच बोला’ हा आग्रह जाहिरातदाराच्या दडपणापेक्षा सौम्य नसतो; उलट तो आपुलकीच्या रूपाने येतो म्हणून अधिक घातक असतो. अमेरिकेतील कित्येक कार्यक्रम आज आपल्या देणगीदारांना खूष ठेवण्यासाठी उत्तरोत्तर कर्कश होत गेलेले दिसतात. डाव्यांतही हे घडते. पक्षाच्या एखाद्या निर्णयावर टीका झाली की दुसऱ्या दिवशी हप्ता बंद करणारे साथी आम्ही पाहिले आहेत. त्या महिन्याची वर्गणी तर अधिक तातडीने गेली पाहिजे.

ती कशी गोळा करावी, याचा एक जुना धडा आहे. पीटर्सबर्गच्या कामगारांच्या पैशावर १९१२ मध्ये ‘प्रावदा’ निघाला, तेव्हा लेनिनने पहिल्या सहामाहीचा हिशेब मांडताना रुबल किती आले यापेक्षा किती कामगारगटांनी वर्गणी पाठवली, यावर भर दिला होता. जानेवारीत १४ गट, एप्रिलमध्ये २२७ आणि सहा महिन्यांत एकूण ५०४. एप्रिल हा लेनाच्या खाणीवरील गोळीबाराचा महिना होता. प्रत्येक कामगाराने दर पगाराच्या दिवशी एक कोपेक द्यावा, असे त्याने सुचवले. एकेकट्याने फोनवर बटण दाबून दिलेली देणगी विसरली जाते. गटाने मिळून दिलेली वर्गणी चर्चेचा विषय होते. आपल्याकडेही वसतिगृहांसाठी घरोघरची मूठ मूठ धान्य जमा झालेलेच आहे.

तेव्हा आमची सूचना अशी. ज्या शाखेच्या, युनियनच्या किंवा महिला मंडळाच्या सभासदांना एखादा पॉडकास्ट उपयोगी वाटतो, त्यांनी तो महिन्यातून एकदा एकत्र बसून ऐकावा आणि पगाराच्या आठवड्यात गटाची म्हणून वर्गणी पाठवावी. वर्गणी पन्नास रुपये आली तरी पन्नास, पाचशे आली तर पाचशे. पॉडकास्ट चालवणाऱ्यांनी जमाखर्च दर तीन महिन्यांनी जाहीर ऐकवावा, संस्था सहकारी कायद्याखाली किंवा अन्य रीतीने अशी नोंदवावी की श्रोते व काम करणारे यांच्या संमतीवाचून ती विकता येऊ नये, आणि वर्गणीदारांसाठी म्हणून कोणताही कार्यक्रम कुलूपबंद ठेवू नये. ज्या साथींजवळ द्यावयास पैसे नाहीत त्यांनी महिन्याला तीन तास द्यावेत. ऐकू न येणाऱ्यांसाठी कार्यक्रमाची लिखित प्रत तयार करणे, आपल्या तालुक्यातील माणसांच्या मुलाखती मुद्रित करून पाठवणे, जुने भाग विषयवार लावणे, अशी कामे पुष्कळ पडलेली आहेत. त्यांचीही नावे वर्गणीदारांच्याच यादीत, त्याच क्रमाने लिहावीत.